कोब्रा काई आणि आमचा भाचा

१९८४चा 'द कराटे किड' मी लहानपणी केबलवर पाहिला, दादाच्या शेजारी बसून. मियागीकाका डॅनियलकडून गाड्या पुसून घेतात, कुंपण रंगवून घेतात, आणि त्यातूनच कराटे शिकवतात. काय भारी वाटलं होतं राव! तेच डॅनियल-जॉनी २०१८ साली 'कोब्रा काई'त चाळिशी ओलांडून परत आले. २०२५ मधे संपेपर्यंत सहाही सीझन मी पाहिले.

आता पेठला गेलो की नऊ वर्षांचा भाचा मागे लागतो, "मामा, ती सिरीज लाव ना!" ताईचा आक्षेप शिव्यांना. त्या तर तो एसटी स्टँडवर फुकट ऐकतो.

माझा आक्षेप मिगेलला. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो शाळेत कठड्यावरून पाठीवर पडतो, थेट कोमात. तिसरा सीझन संपताना पठ्ठ्या पुन्हा हाणामारीत! नऊ वर्षांच्या पोराला हे खरंच वाटणार. इथून नाशिकचं मोठं हॉस्पिटल पन्नासेक किलोमीटर, मधे सावळघाट. मणका दुखावलेलं पोर त्या वळणांवरून न्यायचं म्हणजे... असो.

तूर्तास त्याला सिनेमा दाखवलाय. सिरीज १३ वर्षांचा झाल्यावर, तीही मी शेजारी असताना. ताईला हे मान्य आहे, भाच्याला अजून नाही.