वाचून जीर्ण

दिवाळी अंक घरात आला, की तो प्रथम कोणी वाचायचा यावरून आमच्याकडे दरवर्षी एक लहानसे महाभारत होते. चार दिवसांत मुखपृष्ठावर चिवड्याच्या तेलाचा डाग पडतो, शब्दकोडे कोणीतरी पेन्सिलीने अर्धवट सोडवून ठेवतो, आणि भाऊबिजेच्या सुमारास अंक शेजारी जातो तो तुळशीच्या लग्नापर्यंत परत येत नाही. आमची मंडळी यावर चिडतात. मी मात्र त्या डागाकडे मोठ्या समाधानाने पाहत बसतो. हे शहाणपण माझे मूळचे नव्हे. ते मला पालमला मिळाले, आणि त्याची किंमत मात्र मी दिली नाही. ती दुसऱ्याच कोणीतरी दिली.

पालम हे परभणी जिल्ह्यातले गाव, गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. गंगाखेड म्हणजे जनाबाईचे गाव, गोदावरीच्या काठचे. तेव्हा जिने दळताकांडता अभंग रचले, तिच्या मुलखात मुलांना शिकवायला जात आहोत, अशी काहीशी हवा डोक्यात घेऊन १९८८ साली मी तिकडे गेलो. खोली पालमला घेतली होती. शाळा जवळच्या एका वाडीवर होती. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक कडुनिंब आणि एक लोखंडी कपाट.

त्या कपाटाला कारण घडले होते. १९८७ साली केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम सुरू केली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत, फळा असावा, नकाशे असावेत, खेळणी असावीत आणि वाचनालयासाठी पुस्तकेही असावीत, अशी ती योजना. आमच्या वाट्याची पुस्तके एका खोक्यातून आली, आणि मुख्याध्यापकांनी ती मोजून, शिक्के मारून, जडसंग्रह नोंदवहीत चढवली. बाके, घंटा, नकाशा, पाण्याचा माठ आणि त्यानंतर गोष्टींची पुस्तके! मग कपाटाला कुलूप लागले आणि किल्ली माझ्या स्वाधीन झाली.

मुख्याध्यापकांना दोष देऊ नये. त्यांचा जन्म निजामी अमलातला, शिक्षण बरेचसे उर्दूतून झालेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. लहानपणी मराठी गोष्टीचे पुस्तक त्यांनी दुसऱ्याच्या हातात पाहिलेले. स्वतःच्या हातात कधी आले नाही. अशा माणसाला एकदम खोकेभर पुस्तके मिळाली, तर तो ती कुलपातच ठेवणार. गरिबाघरचे लुगडे पेटीतच घडी मोडून जाते, तसे हे.

आणि मी? माझे म्हणाल, तर मी शुद्ध भित्रा होतो. पुस्तक हरवले तर किंमत पगारातून कापली जाईल, हा एकच विचार माझ्या मनात. शनिवारी सकाळच्या शाळेत मी कपाट उघडत असे, मुलांना हात धुऊन ओळीत बसवत असे आणि अर्ध्या तासाने पुस्तके मोजून परत ठेवत असे. त्याला मी वाचनाचा तास म्हणत असे. देवळात गाभाऱ्याचे दार उघडते, दर्शन होते आणि पुन्हा पडदा पडतो, त्यातलाच प्रकार. एक जुने सुभाषित आहे. लेखणी आणि पुस्तक परक्याच्या हाती गेले की गेलेच, आणि कदाचित परत आलेच तर खराब होऊन येते, असा त्याचा भाव. त्यात तिसरीही एक वस्तू सांगितली आहे. पण सणासुदीच्या दिवसांत घरात शांतता राहावी म्हणून मी तिचे नाव घेत नाही. हे सुभाषित मी मुलांकडून पाठ करून घेतले होते!

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी चौथीतली एक मुलगी कपाटापाशी रेंगाळली. हातात एक पातळसे पुस्तक होते. रानात वाट चुकलेल्या मुलाची गोष्ट. रात्र पडते, मुलगा झाडाखाली बसून राहतो, आणि दूर कुठेतरी एक उजेड हलताना दिसतो. इथपर्यंत तिचे वाचून झाले होते, आणि तेवढ्यात माझी घंटा झाली होती.

"गुरुजी, हे घरी नेऊ का? पाडव्याला आणून देते."

"पाडव्याला? पाच महिन्यांनी?"

"आमी उसाला चाललाव. भाऊबीज झाली की टोळी निघती."

वाडीतली निम्मी घरे दिवाळी संपली की रिकामी होत. मुकादमाकडून उचल घेतलेली असे. ती फेडायला नवराबायकोचा एक कोयता धरून माणसे साखर कारखान्यांकडे जात आणि गाळप संपले की परतत. पोरे बरोबर जात, कारण त्यांना ठेवायचे कोणापाशी? हे सगळे मला ठाऊक होते. तरी मी म्हणालो, "पुस्तक बाहेर देता येत नाही."

तिने हट्ट केला नाही. पुस्तक माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "मंग पुढं काय व्हतं तेवढं सांगा."

वाचकहो, त्या वेळी माझी जी अवस्था झाली ती सांगतो. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती, पुस्तकांची यादी मला तोंडपाठ होती. पण त्यांतले एकही पुस्तक मी वाचलेले नव्हते. "आल्यावर वाचशील," असे काहीतरी पुटपुटून मी कुलूप लावले.

त्या रात्री पालमच्या खोलीत कंदिलाशी बसून मी ते पुस्तक वाचले. सगळे मिळून पंधरा मिनिटे लागली. मुलाचा बाप कंदील घेऊन त्याला शोधत येतो. तो हलणारा उजेड त्याचाच. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी सायकल मारीत वाडीवर गेलो. ट्रक पहाटेच गेला होता. घरापुढे विझलेली पणती तेवढी राहिली होती.

पाडवा झाला, टोळ्या परतल्या. ती शाळेत आली नाही. धाकटा भाऊ झाला होता आणि त्याला सांभाळणे हीच आता तिची पाचवी होती. एकदा पालमच्या आठवडी बाजारात ती मला दिसली, कडेवर ते पोर घेऊन. मी तिथेच, मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून, तिला गोष्टीचा शेवट सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि मान हलवली.

"आमच्या कोपीवरच्या पोरांला मी येगळंच सांगितलं, गुरुजी. त्याचा बाप उसाला गेला असंल. तो कसा येईल हुडकायला? उजेड दुसऱ्याच कुणाच्या तरी कोपीचा व्हता. त्यांनी त्याला भाकर दिली, निजू दिलं. सकाळी आपला आपण गेला तो घरी."

पाच महिने ती अर्धी गोष्ट पाचटाच्या कोपीत राहिली होती आणि तिथल्या पोरांना पुरली होती. माझ्या कुलपातली अख्खी पुस्तके कोणाला पुरली होती? दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मी तिच्या घरी नेऊन दिले. पुढे ते मागितले नाही. तिला मात्र मी शाळेत परत आणू शकलो नाही. दोनदा बापाला भेटलो. त्याने चहा पाजला आणि पोर कोण सांभाळील, एवढेच विचारले.

त्यानंतर आमच्या वाचनाच्या तासाचे रूप बदलले. वर्गात खिळ्याला खिळा सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तके तिला लटकवली. ज्याला जे हवे ते त्याने काढून घ्यावे. देवघेवीची वही चौथीतल्या मुलांकडे दिली. ती माझ्यापेक्षा कडक निघाली. शनिवारी कडुनिंबाखाली मी गोष्ट अर्धी सांगे आणि उरलेली त्यांनी रचायची. एका गोष्टीचे पंधरा शेवट होत. त्यांतल्या निदान दहांत बैल मिळे. पुस्तक घरी नेणाऱ्याने ते आजीला वाचून दाखवायचे आणि आजी काय म्हणाली ते सोमवारी सांगायचे. आज्या पुष्कळ काही म्हणत. फाटलेल्या पानांसाठी कणकेची खळ करून आम्ही पुस्तकांचा दवाखाना काढला. आणि दिवाळीला प्रत्येक टोळीबरोबर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात पाच पुस्तके जाऊ लागली.

ही युक्ती आपलीच, असे मला बरेच दिवस वाटत होते. पुढे वाचनात आले, की सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून घेतले आणि लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके फिरवली. रंगनाथनांनी तर १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यांतला पहिलाच असा, की ग्रंथ वापरण्यासाठी आहेत. युरोपात एके काळी ग्रंथ साखळदंडांनी मांडणीला बांधून ठेवीत. इंग्लंडात हेरफर्डच्या चर्चमध्ये तशा साखळ्या अजून पाहायला मिळतात. हे वाचले तेव्हा माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

पहिले डबे परतले तो दिवस मी विसरणार नाही. पुस्तकांना धुराचा वास येत होता, पाने मळीने चिकटली होती, एकाची पाठ चिंधीने शिवलेली होती. एक आलेच नव्हते. मी सगळा ढीग मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि हरवलेल्या पुस्तकाचे पैसे शेजारी ठेवले. ते निवृत्तीला आलेले. त्यांनी एकेक पुस्तक उलटून पाहिले, चिंधीच्या शिवणीवरून बोट फिरवले, आणि जडसंग्रह नोंदवही ओढून घेतली. वस्तू निरुपयोगी झाली की तिचे निर्लेखन करताना शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावे लागते. माठ असेल तर 'फुटला', बाक असेल तर 'मोडले'. त्यांनी आपल्या उर्दू वळणाच्या मराठी अक्षरात लिहिले, 'वाचून जीर्ण'. आणि पैसे मला परत केले.

आता काळ पुष्कळ बदलला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वाचनालय असावे, त्यात वर्तमानपत्रे असावीत, गोष्टींची पुस्तके असावीत, असे सांगितले. २०१५ पासून अब्दुल कलामांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन होतो. शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावतात, नारळ देतात, टेबलावर पुस्तके मांडून ठेवलेली असतात. मी भाषण थोडक्यात आटोपतो आणि पुस्तके हातात घेऊन पाहतो. ती फार कोरी असली की माझा चेहरा पडतो, आणि चांगली निगा राखल्याबद्दल शाबासकीची वाट पाहणारे गुरुजी बिचारे गोंधळतात.

तेव्हा हा अंक आपल्या घरी तेलकट झाला, कोणी त्याचे पान दुमडले, तर रागावू नका. आणि शेजारचे मूल अर्धी गोष्ट वाचून दारात उभे राहिले, तर अंक त्याला देऊन टाका. निदान पुढे काय होते, ते सांगता येईल इतका तरी आपण आधी वाचून ठेवा.