काट्यांची बाग

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आम्ही जुन्नरहून मामूंच्या गावी जात असू. एस. टी. नारायणगाव, आळेफाटा, बेल्हे ही गावे मागे टाकून आणे घाट चढू लागली, की भोवतालचा रंगच बदलून जाई. आमच्या जुन्नर तालुक्याची ही मोठी गंमत आहे. पश्चिमेला नाणेघाटात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. पूर्वेला आणे पठारावर मात्र लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. तेथे मोठी झाडे थोडी. बाभूळ, बोर, हिवर आणि शेतांच्या कडेने निवडुंगाची कुंपणे.

मला ते पठार मुळीच आवडत नसे. "इथे पाहण्यासारखं आहे तरी काय? नुसते काटे!" असे मी म्हणे. त्यावर नानी हसून म्हणे, "बेटा, काट्यांतही कोणीतरी राहतं. जरा गप्प बसून बघ." पण गप्प बसणेच तर मला जमत नसे!

मी सातवीत होतो, तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी मामूंनी शेताला तारेचे कुंपण घालायचे ठरवले. जुन्या कुंपणाच्या फटींतून शेळ्या आत शिरत आणि पीक खाऊन जात. तार विकत आणली होती. आता निवडुंग तोडायचा होता. मीही मोठ्या उत्साहाने कोयता घेऊन पुढे झालो. फड्या निवडुंगाचे जाड, रसाळ फडे एकेका घावात खाली पडू लागले. बघता बघता मी दहा-बारा हात कुंपण साफ केले.

तेवढ्यात सातभाई पक्ष्यांचा थवा कलकलाट करत आला. ते माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे उडू लागले. मला हसू आले. मी आणखी एक घाव घातला आणि माझा हात तसाच थांबला. समोर काड्यांचे आणि मुळ्यांचे वाटीएवढे घरटे होते. त्यात चार निळीशार अंडी होती. त्यांच्यावरचे काट्यांचे छप्पर मीच तोडले होते.

मी मामूंना हाक मारली. त्यांनी तोडलेले फडे उचलून घरट्यावर रचून पाहिले, पण ते पुन्हा पुन्हा घसरत होते. शेवटी आम्ही दूर जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत पक्षी घरट्याभोवती फिरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावत गेलो. घरटे रिकामे होते. खाली निळ्या कवचाचे तुकडे पडले होते आणि जवळच्या बाभळीवर एक कावळा बसला होता.

मला रडू कोसळले. "मामू, बाकीचं कुंपण नका ना तोडू!" मी म्हणालो. मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू तोडलंस तिथे तार लावू. राहिलेल्या फटी बोरीच्या काट्यांनी बुजवू. पण ते काम तू करायचंस." मी ते काम केले. हातांना खूप काटे बोचले.

त्यानंतर मी रोज सकाळी त्या कुंपणाजवळ गप्प बसू लागलो. खाटीक पक्षी नाकतोडा पकडून बाभळीच्या काट्याला अडकवून ठेवतो, हे मी तेथे पाहिले. मांजराला जेथे तोंड घालता येत नाही, अशा जागी बुलबुल घरटे बांधतो, हेही पाहिले. एके दिवशी डोक्यावर तुरा असलेला, लांब, बाकदार चोचीने माती उकरणारा पक्षी दिसला. नानी म्हणाली, "अरे, हा तर हुदहुद! हजरत सुलेमानांना राणीची खबर आणून देणारा." गोष्टीतला पक्षी आमच्या शेतात चालत होता!

सुट्टी संपल्यावर मी हे सारे शाळेत गुरुजींना सांगितले. त्यांनी मला सलीम अलींची हकिकत सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी त्यांच्या मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथूनच त्यांना पक्ष्यांचा छंद लागला आणि पुढे ते जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ झाले. "चूक सगळ्यांच्याच हातून होते," गुरुजी म्हणाले, "तिच्यामुळे डोळे उघडले पाहिजेत."

पुढे वाचनात आले, की अमेरिकेत फिनिक्स शहरात १९३९ सालापासून वाळवंटी वनस्पतींची एक मोठी बाग आहे. त्या प्रदेशात एक सुतार पक्षी उंच निवडुंगाला भोक पाडून त्यात राहतो, तर दुसरा एक छोटा पक्षी काट्यांच्या मधोमध घरटे बांधतो. म्हणून लोक तेथे पक्षी पाहायलाही जातात. आपल्याकडचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच. ते वाचून मला मामूंचे कुंपण आठवले. तीही एक बागच होती. मला मात्र ती ओळखता आली नव्हती.

आजही मी पठारावर जातो. मी तोडलेल्या जागी तार आहे. तिच्यावर कोतवाल बसतो, वेडा राघू बसतो. क्षणभर विसावतात आणि उडून जातात. घरटे बांधायला मात्र पक्षी अजून काट्यांतच जातात.