चांदीचा चमचा

सौ. विहीणबाईंना,


परवा रात्री सुखरूप घरी पोचले. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर माझं बोलणं तुटक होतं आणि तुटक बोलणं मनाला लागतं. म्हणून सवडीने लिहायला बसले.

निघायच्या दिवशी सकाळी आपल्या नातवाने, छोटूने, तुमच्या हातातला चमचा ओढून घेतला, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. मूठ आवळून त्याने तो वाटीत खुपसला. गुरगुट्या भाताचा एक गोळा वर आला, तोंडापर्यंत पोचलाही. पण ऐन ओठांशी चमचा पालथा झाला आणि भात मांडीवर. त्याने रिकामा चमचाच तोंडात घातला, चोखला आणि पुन्हा वाटीकडे हात नेला. तेवढ्यात तुम्ही चमचा काढून घेतलात. "सांडतंय रे राजा, आण, मी भरवते." मोबाइलवर गाणं लागलं आणि पाच मिनिटांत वाटी रिकामी झाली. मी शेजारीच होते. आठ दिवसांच्या पाहुणीने कशाला बोलावं, म्हणून गप्प राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं, असं गाडीत बसल्यापासून वाटतंय.

तुमची माया मला दिसत नाही असं नाही. दोन किलोही न भरलेलं पोर तुम्ही छातीशी धरून वाढवलंत. लेक कामावर रुजू झाली ती तुमच्या जिवावर. त्याला वजनकाट्यावर ठेवताना तुमचा जीव कसा खालीवर होतो, तेही तिने सांगितलंय. मग पोटात न गेलेला घास तुम्हाला टोचणारच.

आणि सांडलेलं अन्न मलाही बघवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी आणि दुष्काळी कामावरून आई पदराला बांधून आणायची ती सुकडी, यांवर आम्ही दिवस काढले. सुकडीचा भुगा जमिनीवर पडला तर बोट ओलं करून टिपून खायचो. तरीही सांगते, छोटूला सांडू द्या. खाली धुतलेलं फडकं अंथरा आणि सांडेल ते उचलून गच्चीच्या कठड्यावर ठेवा. काऊ-चिऊच्या नावाने आपण इतके घास भरवतो, थोडं खरंच त्यांच्या वाट्याला जाऊ दे.

तो चमचा पालथा का होतो, ते सांगते. एकदा स्वतः चमचा मुठीत धरून अगदी सावकाश तोंडाशी नेऊन बघा. हात वर जाताना मनगट थोडं थोडं वळत राहतं, म्हणून चमचा सपाट राहतो. आपल्याला ते जाणवतही नाही. सव्वा वर्षाच्या पोराचं मनगट अजून तसं वळत नाही, तो सगळा हात खांद्यातून उचलतो. दीड वर्षाच्या आसपास जरा जमू लागतं, दोन वर्षांपर्यंत सांडत-सांडतच चालतं आणि आपल्यासारखं तीन बोटांत धरणं तिसऱ्या वर्षाच्या पुढेमागे येतं. पण मनगट वळायला शिकतं ते चमचा हातात असला तरच. आपण भरवलेल्या घासाने पोट भरतं, हाताला काही मिळत नाही.

बालवाडीत अठ्ठावीस वर्षं काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेल्या कामाच्या गोष्टी ऐकत आम्ही तयार झालो. मुलाचं काम मुलाला करू द्यावं, हे तिथून शिकले. अशीच आणखी एक गोष्ट पुढे वाचली ती मनात राहिली. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी शिकागोमध्ये १५ मुलांवर केलेल्या प्रयोगाची हकिगत १९३९ साली छापून आली. अंगावरचं दूध तुटलेल्या मुलांपुढे साधे, न मिसळलेले पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत ठेवायचे. दाईने चमचा घेऊन जवळ स्वस्थ बसायचं. मुलाने एखाद्या भांड्याकडे हात नेला तरच चमचा भरायचा, आणि त्याने तोंड उघडलं तरच द्यायचा. मूल बोटांनी खावो की चमच्याने, टोकायचं नाही. ती मुलं चांगली धष्टपुष्ट झाली. अर्थात समोर ठेवलेलं सगळं पौष्टिकच होतं, बिस्किटांचा पुडा त्यात नव्हता. मला त्या दाईचं फार कौतुक वाटतं. चमचा धरलेला हात मांडीवर थांबवून ठेवणं किती अवघड आहे!

मला ते घरी जमलं नाही. शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना वाटी-चमचा देणारी मी, माझ्या मुलाला मात्र चार वर्षांचा होईतो टीव्हीपुढे बसवून भरवत होते. शाळेत गेला तेव्हा डबा जसाच्या तसा परत यायचा. "कोणी भरवलंच नाही," म्हणायचा. ते वाक्य मी विसरलेले नाही.

तर एवढं करून बघा. कडकडून भूक लागलेली असताना चमचा दिलात तर तो चिडेल, म्हणून पहिले दोन-चार घास तुम्हीच द्या. मग वाटी चौरंगावर, तिच्याखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. वरण-पाणी नको, चमच्याला चिकटून राहील असं हवं, जसं मऊ शिरा, घट्ट दही किंवा कालवलेला भात. एक चमचा तुमच्या हाती, एक त्याच्या. तुमचा भरून वाटीत टेकवून ठेवा, उचलायचं त्याच्यावर सोडा. काटा हवाच असेल तर बोथट टोकांचा आणा; पपईच्या मऊ फोडी, इडलीचे तुकडे त्याला लवकर टोचता येतील. हात घातला तर घालू दे, बोटांनी खाणारं मूल मागे नसतं. मोबाइल मात्र बंद, आणि तुम्ही समोरच बसा. घास अडकला आणि तो खोकतोय तोवर धीर धरता येतो, पण आवाजच फुटेनासा झाला तर क्षणभरही थांबायचं नाही.

आणखी एक. चमचा त्याने डाव्या हातात घेतला की तुम्ही तो उजव्यात देता. या वयात मुलं दोन्ही हात वापरून बघतात. पुढे तो डावखुरा निघाला तर निघू दे. ताटाचे संस्कार चार वर्षांनी सांगता येतील, आत्ता ज्या हाताला जमतंय त्याला जमू दे.

उष्टावणाला मामाच्या मांडीवर बसून छोटूने पहिला घास घेतला, तो आम्हीच दिलेल्या चांदीच्या चमच्याने. घरी आल्यावर त्याची जोडी कपाटातून काढून बघितली. लांब बारीक दांडा, खोलगट तोंड. सोनाराने तो भरवणाऱ्याच्या हातासाठीच घडवलाय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. तो जपून ठेवा. सोबत भांड्यांच्या दुकानातून आणलेले दोन स्टीलचे चमचे पाठवतेय, आखूड, जाड दांड्याचे आणि उथळ. पुडीत घरचं मेतकूट आहे, तिखट घातलेलं नाही. तूप घालून भातात घट्ट कालवा, चमच्यावरून पटकन घसरत नाही.

आपली,
विहीण