खडी फोडली, चर खणला

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात सून सकाळीच टिकाव आणि घमेले घेऊन निघाली. ओसरीवर बसलेल्या सासूने विचारले, "खडी की माती?"

"माती, आत्या. डोंगरावर चर खणायचेत."

"मग जा. खडी असती तर नको म्हणणार होते."

या प्रश्नामागे सत्तेचाळीस वर्षांची आठवण होती. १९७२ च्या दुष्काळात सासू नुकतीच लग्न होऊन या घरात आलेली. अंगावरची हळद उतरली नाही, तोच हातात हातोडी आली. दिवसभर खडी फोडायची, दुपारी सुकडी खायची आणि मुकादमाने हजेरी नीट मांडली असेल ना, या काळजीत संध्याकाळी घर गाठायचे. लाल मिलोची भाकरी थापताना तुटायची. तिची चव सासू अजून विसरलेली नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातली सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. माणसे जगली, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी रस्त्याची वाट पाहत तसेच पडून राहिले. "आम्ही जगलो, पण डोंगर होता तसाच बोडका राहिला," असे सासू म्हणते.

काम द्यायचेच तर ते टिकणारे द्यावे, हा विचार तेव्हाही नवा नव्हता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ सालीच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तसा प्रयोग केला होता. दुष्काळानंतर त्याला बळ आले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि 'मागेल त्याला काम' हा हक्क ठरला. खणलेली माती मोजून पैसे. बाईला वेगळा दर नाही, पुरुषाला वेगळा नाही. पुढे २००५ साली देशाने असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होताच.

पैसा कोठून आला, हे शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली यासाठीच बसवला गेला. सासूचे धाकटे दीर मुंबईला कारकून होते. पगारातली ही कपात पाहून ते दर महिन्याला कुरकुरायचे. एकदा दिवाळीला ते गावी आले, तेव्हा पाझर तलावाच्या कामावर घट्टे पडलेले तळहात वहिनीने त्यांच्यापुढे धरले. "भावजी, तुमचे कापलेले पैसे इथं येतात बरं का!" त्यानंतर निदान गावच्या घरात तरी त्यांची कुरकुर ऐकू आली नाही.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने रोजगार हमीच्या पैशांतून डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. पण नुसते चर खणून ते गाव थांबले नाही. पोपटराव पवार सरपंच असताना गावाने ऊस आणि केळीला नकार दिला, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. ही दुसरी बाजू पुष्कळ गावे सोयीस्कर विसरतात.

सुनेच्या गावात ग्रामसभेत वाद झाला तो यंत्रावरून. "जेसीबी लावा, चार दिवसांत काम उरकेल," असे एकजण म्हणाला. तलावातला गाळ काढायला यंत्र बरे, पण चार दिवसांत काम उरकले तर उन्हाळाभर बायकांनी काय करायचे? सासू बोलायला उठली. "काम लवकर संपवायचं नाही, आम्हाला घरात चूल पेटवायचीय," एवढेच म्हणाली आणि बसली.

मग पाण्याच्या नळीने पातळी काढून चुन्याची फक्की मारली गेली आणि बायका रेघेवर उभ्या राहिल्या. खणलेली माती उताराच्या बाजूला रचायची, म्हणजे वरून येणारे पाणी चरात थांबते आणि मुरुमातून, खडकाच्या भेगांतून सावकाश विहिरीकडे उतरते. पाऊस पूर्वीसारखा रिमझिम पडत नाही; महिनाभर दडी मारतो आणि एका रात्रीत कोसळतो. अशा पावसात उघड्या उताराची माती आधी वाहून जाते.

त्या वर्षी मान्सून उशिरा आला. पहिली मोठी सर रात्री कोसळली. सकाळी सून धावत डोंगरावर गेली. चर काठोकाठ भरले होते आणि खालचा ओढा गढूळ न होता वाहत होता. सासू चढू शकत नव्हती, म्हणून सुनेने चरातले पाणी तांब्यात भरून तिला दाखवायला आणले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने राज्यभर पिके नासली, त्यात यांचा कांदाही सडला. त्यावर चराचा काही इलाज नव्हता. विहीर मात्र चैत्रापर्यंत आटली नाही.

एक गोष्ट सुनेला अजून सलते. चर टिकावेत म्हणून डोंगरावर चराईबंदी झाली आणि तिला चारपैकी दोन शेळ्या विकाव्या लागल्या. उरलेल्या दोघींसाठी ती रोज विळ्याने गवत कापून आणते. भारा उतरवताना पुटपुटते, "पाणी सगळ्या गावाला, आणि शेळ्या गेल्या त्या माझ्या." सासू काही बोलत नाही, उठून भाऱ्याला हात लावते.