गालिच्यातील मळ

मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत फरासखाना हे स्वतंत्र खाते असे, आणि त्या खात्यातील फरास बिछायत उचलून झटकू शकत. मुंबईच्या कचेऱ्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेली जी कार्पेटे स्वच्छ करण्यावर माझा चरितार्थ चालतो, ती मात्र उचलता येत नाहीत, उन्हात घालता येत नाहीत, आणि म्हणून वर्षानुवर्षांचा मळ जागच्या जागीच काढावा लागतो. हे काम मुख्यतः पाण्याचे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः लिफ्टपासून कारकुनांच्या मेजांपर्यंत उमटलेल्या त्या काळ्या पट्ट्यातील बहुतांश मळ म्हणजे पादत्राणांबरोबर आलेली माती व बारीक रेती असते. तिच्यावर पाणी पडले की तिचा चिखल होतो आणि तो लवेच्या मुळाशी घट्ट बसतो. म्हणून आधी व्हॅक्यूम, तोही उभा-आडवा आणि संथपणे. येथे घाई करणाऱ्यास मी जाणता कारागीर मानीत नाही.

त्यानंतर कोपऱ्यातील एक धागा कापून, त्यातली हवा चिमटीने दाबून काढून, मी तो पाण्याच्या पेल्यात सोडतो. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन; बुडाला तर त्याच जातीच्या दुसऱ्या कोरड्या धाग्यास काडीची आच दाखवावी, म्हणजे लोकर असल्यास केस जळल्याचा वास येतो. एवढ्यावर पुढील सर्व निर्णय अवलंबून असतात, कारण तीव्र क्षाराने लोकरीचे बळ व रंग दोन्ही जातात, तर पॉलिप्रॉपिलीन तेलकटपणा असा धरून ठेवते की उपाहारगृहाच्या दाराशी सौम्य द्रावणाचा काहीच उपयोग होत नाही.

द्रावण फवारल्यावर 10 ते 15 मिनिटे, ते वाळू न देता, थांबावे, ब्रश फिरवावा आणि मग गरम पाणी सोडून ते तत्काळ ओढून घ्यावे. मशीनच्या पारदर्शक नळीतून परतणारे पाणी प्रथम काढ्यासारखे गडद असते, मग करडे होते, मग निवळते. पण निवळल्यावरही त्यात फेस दिसत असेल, तर काम संपलेले नाही. धुतलेले कार्पेट थोड्याच दिवसांत पूर्वीपेक्षा काळे पडते, अशी तक्रार मी वारंवार ऐकतो, आणि तिचे कारण बहुधा तंतूंवर राहिलेला चिकट साबण हेच असते, जो प्रत्येक पावलाची धूळ धरून ठेवतो. घातलेले सर्व परत काढून घेणे, हा या विद्येचा कठीण भाग होय.

पाण्याचेही तेच. अस्तरात ओल राहिली तर वाळताना ती तंतूंतून वर चढते आणि गेलेला चहाचा डाग सकाळी पुन्हा हजर होतो. म्हणून पाणी ओढण्याचे कोरडे फेरे जास्त द्यावेत, पंखे लावावेत, आणि पावसाळ्यात तर त्या रात्री वातानुकूलन बंद करू नये, अशी व्यवस्थापकांस आग्रहाची विनंती करावी. हवेतील दमटपणा त्यानेच ओढला जातो.

तरीही काही पट्टे करडेच राहतात. रेतीच्या कणांनी नायलॉनचे तंतू खरवडले जातात, त्यांवरून प्रकाश विस्कटतो, आणि निर्मळ झालेली लवही मळकट भासते. कपाटाखालचा अस्पर्श तुकडा शेजारी दाखवून हे मी काम स्वीकारण्यापूर्वीच सांगतो, आणि प्रवेशद्वाराशी, प्रत्येक पाऊल अनेकदा पडेल एवढे लांब पायपुसणे घालावयास सुचवितो.