घाटावरच्या सुक्या वाटा

बीड जिल्ह्यातल्या कच्च्या वाटांवर गाडी घालायची तर मार्गशीर्ष-पौषात. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला लपेटते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि मोटारसायकल जागच्या जागी उभी राहते. चैत्र-वैशाखात फुफाटा आणि ऊन. दिवाळी उलटली की शेतातली ओल वरून आटत जाते, बैलगाडीच्या चाकोऱ्या कडक होतात, ओढ्यांतलं पाणी घोट्यापर्यंत उतरतं आणि पावसाळाभर बंद पडलेल्या पाणंदी पुन्हा चालू होतात.

माझा एक मित्र कॅनडात असतो. तो हिवाळ्यात स्नोमोबाइल घेऊन दोस्तांबरोबर दिवसच्या दिवस जंगलातून फिरतो, रात्री वाटेवरच्या गावात मुक्काम करतो. निघण्याआधी त्यांच्याकडे वाटांची खबर बघितली जाते: बर्फ किती पडलाय, क्लबच्या यंत्रानं तो दाबून सपाट केलाय का, तळ्यावरचा थर गाडी पेलेल का. तिकडे थंडी पाणी गोठवून वाट बांधते, आमच्याकडे माती वाळवून. खबर मात्र आम्हाला चहाच्या टपरीवरच मिळते, आणि ती सांगणारा माणूस त्या वाटेनं सकाळीच आलेला असतो. नारायणगडापासून सुरू करून बालाघाटाच्या माथ्यावरचे गड मोटारसायकलवर फिरायचे, हे बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. या हिवाळ्यात ते घडलं.

बीडला रेल्वेनं उतरलो. हे वाक्य लिहिताना हात जरा थांबतो. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग आमच्या आधीच्या पिढीनं नुसता ऐकला. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिल्यांदा गाडी आली. स्टेशनाबाहेर मामेभाऊ दोन मोटारसायकली घेऊन हजर होता. तयारी त्यानंच केली होती. साखळीला तेल, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पक्कड, हातपंप. मुरमावर पकड राहावी म्हणून टायरमधली हवा थोडी उतरवलेली. पहाटेच्या गारठ्यासाठी छातीवर, जर्किनच्या आत, वर्तमानपत्राची घडी घालायला त्यानं शिकवलं. वारं त्यानं खरंच अडतं.

नारायणगडाला पंचक्रोशीत धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांची ही गादी. आषाढात इथून पालखी पंढरपूरला जाते, एकादशीला गड माणसांनी भरतो. आम्ही पोचलो तो आडवार होता. चढाच्या शेवटी दगडी बांधकाम, आत विठ्ठल, बाहेर पटांगण आणि चारी बाजूंनी ज्वारी. शाळू पोटऱ्यात आलेला, मधेच हरभऱ्याचे हिरवे पट्टे, वेचून झालेल्या पऱ्हाट्या काळ्या पडलेल्या. २०२४ च्या दसऱ्याला मराठा आरक्षणाच्या आंदोलनातल्या मनोज जरांगे पाटलांच्या मेळाव्यासाठी इथे लोटलेली गर्दी सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिली. पण गड हा मुळात मुक्काम आहे. चालत आलेल्यानं टेकावं, पंगतीत बसावं, पहाटे उठून पुढे जावं, यासाठी तो आहे. आम्हालाही कुणी जात विचारली नाही, गाव विचारलं. भाकरी, आमटी आणि भात वाढणाऱ्या बाबांनी दुसऱ्यांदा आमटी घालताना पुढची वाट विचारून घेतली. "शिरूरकडं? मग उजाडायच्या आत निघू नका. धुई पडतीय. उसाच्या गाड्या दिसायच्या न्हाईत."

धुई खरंच पडली होती. ती तुरीचा फुलोरा गाळते म्हणून शेतकरी तिच्यावर चिडलेला असतो, आणि गाडीवाल्याला ती पुढचं दहा हातांवरचंही दाखवत नाही. हेल्मेटच्या काचेवर दहिवर साचतं, पुसलं की पुन्हा साचतं. आम्ही सूर्य हातभर वर येईपर्यंत थांबलो आणि मग पाणंदीत उतरलो.

पाणंदीची अवस्था दोन प्रकारची होती. जिथे पाऊस नुसताच पडून गेला होता तिथे चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या. एका चाकोरीत चाक ठेवलं की ती आपोआप घेऊन जाते, मधेच बदलायला गेलात की आडवे. आणि जिथे २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीचं पाणी घुसलं होतं तिथे वाटच उरली नव्हती. ओढ्याकाठच्या शेतांतली माती खरवडून गेलेली, खाली पांढरट मुरूम आणि गोटे उघडे पडलेले. एका फरशीपुलाच्या दोन्ही बाजूंचा भराव वाहून गेला होता. मधली फरशी तेवढी उभी. शेजारच्या शेतकऱ्यांनी आपल्या बांधाचे दगड लावून बाजूनं उतार केला होता. त्यावरून एकेक गाडी ढकलत काढली. पिढ्यान् पिढ्या जमलेली माती एका आठवड्यात गेलेली पाहिली की त्या शेताच्या धन्याशी काय बोलावं ते सुचत नाही. तो मात्र आमच्या गाडीला मागून हात लावायला आला होता.

शिरूर कासारच्या अलीकडे डांबरी रस्ता लागला आणि त्याबरोबर उसाची वाहतूक. ऊसतोडीचं चित्र सगळ्या राज्याला ठाऊक आहे, तरी या रस्त्यांवर फिरताना ते नव्यानं कळतं. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. उसाच्या पाचटाची कोप, पहाटे तीनला तोडणी, मोळ्या बांधून डोक्यावरून शिडीनं ट्रकमध्ये चढवायच्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला तेव्हा इकडच्या गावांत त्याची चर्चा कापसाच्या भावाइतकी झाली होती. परतायचं ते पाडव्याच्या आगंमागं.

म्हणजे ज्या दिवसांत इथल्या वाटा सगळ्यांत चांगल्या असतात, नेमके त्याच दिवसांत त्या वाटांची माणसं गावात नसतात. जमीन वाळते, रब्बी घाटावरच्या हलक्या रानात थोडीच येते, हाताला काम उरत नाही आणि टोळी निघते. आम्हाला मोकळ्या मिळालेल्या पाणंदी अशानं मोकळ्या झाल्या होत्या.

एका वस्तीवर पाणी घ्यायला थांबलो. सात-आठ घरं, बहुतेकांना कुलूप. एका दाराला कुलूप नव्हतं, कडीतून तार ओवून पिळा घातला होता. ओसरीवरची चूल राखेसकट लिंपून बंद केलेली. तिच्यावर पालथी घातलेली परात आणि परातीवर धोंडा. तुळशीला मात्र कुणीतरी पाणी घालत होतं, माती ओली होती. शेवटच्या घरात एक आजी ढाळे सोलत बसल्या होत्या, शेजारी शाळेच्या गणवेशातली नात.

"पोरं कुणीकडं गेलीत, आजी?"

"कोल्लापूरकडं. दोघं थोरली बी तिकडंच. हिला म्या ठिवून घेतलं. शाळा बुडती."

"एकट्याच असता?"

"एकटी कशी? ही हाय की. अन् वस्तीच्या समद्या कुलपांच्या किल्ल्या माझ्याकडंच हायेत." त्यांनी कमरेच्या पिशवीवर हात ठेवून दाखवला. मग वाट सांगितली. पुढच्या वळणावर वेडी बाभूळ तोडून टाकली आहे, गाडीवरून उतरून चालत काढा. निघताना दोन मुठी ढाळे पदरातून आमच्या पिशवीत आले. नको म्हणायची सोय नव्हती.

भगवानगड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, पाथर्डी तालुक्यात खरवंडीजवळ आहे, पण त्याची मुळं नारायणगडात आहेत. सावरगाव घाटाचे भगवानबाबा लहानपणी नारायणगडावर आले, माणिकबाबांचे शिष्य झाले, तिथेच वाढले. पुढे नारायणगड सोडून त्यांनी खरवंडीच्या धौम्यगडावर नवी गादी उभी केली. तिला भगवानगड हे नाव यशवंतराव चव्हाणांनी दिलं. बाबांचं निधन १९६५ सालचं. अलीकडे बीड जिल्ह्यात या दोन गडांची नावं दोन समाजांची नावं असल्यासारखी उच्चारली जातात, आणि गेल्या काही वर्षांतल्या कटुतेमुळे अनोळखी माणसासमोर ती जपून उच्चारली जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. एकाच वारकरी परंपरेची ही दोन घरं. टाळ तेच, एकादशी तीच, आणि पाणंदीतून चालत एका गडावरून दुसऱ्यावर जाणारी म्हातारी माणसं आम्हाला वाटेत भेटली. उसाच्या फडातही दोन्हीकडचे कोयते शेजारी शेजारी चालतात.

भगवानबाबांनी शिक्षणाचा ध्यास धरला होता. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारनं २०२१ मध्ये जी वसतिगृहांची योजना आणली तिला त्यांचंच नाव आहे. आजीबाईंच्या नातीसारखी किती मुलं अजून आजीच्याच भरवशावर शाळेत टिकून आहेत, हे पाहिल्यावर ती वसतिगृहं तालुक्याच्या गावातच न थांबता वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचायला हवीत असं वाटतं. मुकादमाची उचल वेळेवर पोचते, तशी ती का पोचू नयेत?

खरवंडीहून पश्चिमेला गर्भगिरीचे डोंगर. हा नाथांचा मुलूख. आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांचं मायंबा, जवळच पाथर्डीत कानिफनाथांची मढी. मायंब्याचं दर्शन घेऊन आम्ही फार न रेंगाळता पूर्वेला वळलो, कारण ऊन उतरलं की माथ्यावर बोटं क्लचवर वाकेनाशी होतात.

गहिनीनाथगडाकडची वाट या साऱ्या फेरीतली सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत अवघड. लाल मुरूम, त्यावर गोटी खडी, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं कुसळी गवत कंबरेइतकं. ब्रेक पुढचा लावला की गाडी घसरते. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्याच जोरावर उतरायचं. गवतातून एकदा चालत गेलो तर पायजम्यावर कुसळांची रांग. कुसळाचं शेपूट पिळाचं असतं. दहिवरानं ओलं झालं की उलगडतं, वाळलं की पुन्हा पिळतं आणि तेवढ्यात टोक कापडात आणखी आत जातं. भाऊ त्यातलं एक तळहातावर घेऊन, त्यावर तोंडाची वाफ सोडून, ते फिरताना दाखवत होता. मागचं चाक तिथेच बसलं. टायर पाण्यात फिरवायला पाणी नव्हतं म्हणून तो गालाजवळ धरून हवा कुठून लागते ते शोधलं. बाभळीचा काटा, मुळापर्यंत गेलेला. पक्कडीनं तो निघाला तेव्हा करंगळीच्या पेराएवढा भरला. चाक चढवेपर्यंत समोरच्या पठारावरच्या पवनचक्क्या उन्हात लाल झाल्या होत्या.

गहिनीनाथगडावर वामनभाऊंची समाधी आहे. रात्री भजन होतं. टाळ धरायला माणसं कमी होती, बसलेल्यांत साठीच्या आतलं कुणी दिसत नव्हतं. पखवाज मात्र एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती होता आणि तो दणकून वाजवत होता.

हा पाटोदा तालुका म्हणजे पाण्याच्या वाटणीचा माथा. इथूनच मांजरा निघते, सिंदफणाही. दोघी गोदावरीला मिळतात. तर सौताड्याला जी विंचरणा कड्यावरून उडी घेते तिचं पाणी सीनेत, तिथून भीमेत जातं. हिवाळ्यात धबधबा बारीक झाला होता, पण खालच्या रामेश्वराच्या कुंडापर्यंत पायऱ्या उतरून गेलो आणि ओल्या खडकाला टेकून ढाळे संपवले. नायगावच्या अभयारण्यातून, जे १९९४ पासून मोरांसाठी राखलेलं आहे, सकाळच्या वेळी गाडी बंद करून उतारावर सोडली. मोर आवाजानं कळला नाही तर पायांच्या ठशांनी कळला, धुळीवर तिबोटी, मऊ आणि ताजे. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढे कार्तिकातली गर्दी ओसरून शांतता होती. तिथून मांजरसुंबा जवळच.

मांजरसुंब्याच्या चौकात सोलापूरचा, केजचा, पाटोद्याचा आणि बीडचा असे रस्ते एकत्र येतात. टपरीसमोर एक ट्रक उभा होता. वर भांडी, गोधड्या, ज्वारीची पोती, बांधलेली शेळी, आणि पोत्यांच्या मधे स्वेटर घातलेली दोन लेकरं. कापसाची शेवटची वेचणी उरकून ही टोळी उशिरा निघाली होती, श्रीगोंद्याकडच्या कारखान्याला. आमच्या गाड्यांवरची धूळ बघून ड्रायव्हरनं भावाला विचारलं, "पाटोद्याकडनंच आलात ना? सौताड्याचा घाट कसा हाय?"

"घाटात नवी खडी पडलीय," भाऊ म्हणाला. "तिसऱ्या वळणाला डाव्या अंगानं घ्या, उजवीकडची साइडपट्टी खचलीय. अन् अंधार करू नका, पुढं उसाच्या ट्रॉल्या बिनलाइटच्या येत्यात."

ड्रायव्हरनं चहा अर्धाच ठेवला आणि टोळीला आवाज दिला. भावानं आमच्या सामानातली चमकणाऱ्या पट्टीची गुंडाळी काढली, ट्रकच्या मागच्या फाळक्यावर दोन्ही कोपऱ्यांना चिकटवली आणि हात झटकत म्हणाला, "आता निघा."