दोन कर्णे, एक स्वर

सोमेश्वरनगरीं थंडींतल्या एका वरातींत ट्यूबा नांवाचे दोन मोठे पितळी कर्णे एकच स्वर धरीत होते. तरी मध्यें लाट घुमे. एक कर्णा वृद्ध वादकाचा, जुन्या ब्रिटिश पलटणींच्या चढ्या स्वरमानाचा. त्या मानांत 'ए' स्वराचीं कंपनें सेकंदास सुमारें ४५२. १९३९ सालीं लंडनच्या परिषदेनें तीं ४४० ठरविलीं. "जुना मोडींत घाला," असें तरुण मंडळी म्हणत होती. आम्हांस तें रुचलें नाहीं.

नळी लांबली कीं स्वर उतरतो. अठरा फुटी कर्ण्याची जुळवणीची नळी तीन इंच ओढली, कीं दोन्ही बाजू मिळून सहा इंच वाढतात व अंतर भरून निघतें. मात्र कळांच्या नळ्याही त्याच प्रमाणांत ओढाव्या लागतात. थंडींत स्वर उतरतो, म्हणून आधीं फुंकून वाद्यास ऊब द्यावी, मग जुळवावें.

नादाची गोष्ट निराळी. रुंद नळीचा नाद गोल, अरुंद नळीचा धारदार. तो भेद पुसूं नये. एकत्र कुटुंबांतही स्वर जुळावा, गळे निरनिराळेच असावेत. वडिलांचा आवाज घरांत राहावा असें वाटत असेल, तर मोडीचा विचार करण्यापूर्वीं तीन इंचांचा हिशेब करून पाहावा.